दिवाळसणाचा सी फॉर्म

चौतीस वर्षं कोषागारात काढली. लोकांची बिलं तपासायची, चूक दिसली की आक्षेप लावून परत पाठवायचं, हेच काम. ३१ मार्चच्या रात्री बारा वाजता टेबलापुढं उभ्या असलेल्या माणसाला ‘त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करा’ असं मी थंडपणे सांगितलेलं आहे. त्यामुळं २०२४च्या दिवाळीत मी स्वतःच एका फॉर्मात अडकले, तेव्हा आमच्या ह्यांना झालेला आनंद मी समजू शकते.

ती आमच्या जावयांची पहिली दिवाळी. जावई जर्मन. लेक लाइपझिगला नोकरी करते, तिथंच दोघांनी रजिस्टर लग्न केलं. सातारला येऊन सत्यनारायण आणि जेवण झालं होतं, पण ते दोन दिवसांत उरकलं आणि सगळे पाहुणे पुण्याच्या हॉटेलात उतरले होते. आता दिवाळसण म्हणजे जावई घरात राहणार, आठवडाभर. मी चकली, अनारसे, चिरोटे असं सगळं करून डबे भरून ठेवले. पाहुण्यांच्या खोलीत नवीन गादी घातली. अंघोळीला गरम पाण्याचा नळ दुरुस्त करून घेतला. जे जे सुचलं ते केलं.

धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला, दोघं आली. फ्रँकफर्टचं विमान रात्री एकच्या सुमारास मुंबईत उतरतं, तिथून गाडी करून खंबाटकीचा घाट उतरून सकाळी दारात. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी लागली आणि कधी सुटली हे लिहून ठेवायची खोड निवृत्त होऊनही गेलेली नाही. कालनिर्णयवर २९ तारखेच्या चौकोनात त्यांनी पेननं लिहिलं, ‘८.१०’. मी म्हटलं, जावई आहेत, एसटीची विठाई बस नव्हे. त्या आकड्याचा पुढं उपयोग होणार होता हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी दिवे लावून झाले आणि शेजारचे भाऊ पेढे घेऊन आले. त्यांचं स्टँडजवळ लहानसं लॉज आहे. जावयांशी हात मिळवला, दोन वाक्यं इंग्रजीत बोलले, आणि निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, “ताई, ह्यांचा सी फॉर्म भरलात ना?”

मला वाटलं हे काहीतरी कपड्यांचं माप असावं.

तर तसं नव्हतं. परदेशी पासपोर्टचा माणूस तुमच्याकडे मुक्कामाला आला, की आल्यापासून २४ तासांच्या आत ज्याच्या छपराखाली तो राहतोय त्यानं परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचं. मुंबईसारख्या ठिकाणी त्यासाठी वेगळं प्रादेशिक कार्यालय आहे. बहुतेक जिल्ह्यांत ते काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. हॉटेल, धर्मशाळा, वसतिगृह, दवाखाना हे सगळे त्यात येतात हे ऐकल्यावर पटतं. पण यादीत खाजगी घरही आहे. पाहुण्याकडून पैसे घ्या न घ्या, नात्यातला असो नसो. मला ते खरं वाटेना, म्हणून सरकारी संकेतस्थळ उघडलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं.

“म्हणजे जावयाची वर्दी पोलिसांत द्यायची?” हे म्हणाले.

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. माझे आजोबा कोरेगाव तालुक्यात गावचे पोलीस पाटील होते. गावात परका माणूस मुक्कामाला आला की रात्री कुणीतरी येऊन ओसरीवर सांगून जायचं, अमक्याकडं अमका उतरलाय. पण ते अमक्याकडच्या फेरीवाल्याबद्दल. पाटलाच्या स्वतःच्या जावयाबद्दल कुणी वर्दी दिल्याचं ऐकलेलं नाही.

घड्याळात सात वाजले होते. म्हणजे तेरा तास शिल्लक.

आता त्या संकेतस्थळाबद्दल. पहिला धडा असा, की नुसता फॉर्म भरता येत नाही. आधी तुमच्या घराची नोंदणी करायची, खातं काढायचं, मग फॉर्म. आणि ते सगळं मूळ हॉटेलवाल्यासाठी बेतलेलं आहे. निवासस्थानाचं नाव काय? मी घराचं नाव लिहिलं, जे आम्ही २००३ साली संगमरवरी पाटीवर कोरून घेतलं आणि नंतर कधीच उच्चारलं नाही. क्षमता किती? हे म्हणाले, “लग्नात बावीस माणसं झोपली होती, बावीस लिही.” मी चार लिहिलं. दर्जा कोणता? इथं जावई पुढं सरसावले. लेकीनं त्यांना प्रश्न समजावून सांगितला होता. ते गंभीरपणे म्हणाले, “पाच तारे.” मी ‘इतर’ निवडलं. खोटी नोंद करायची नाही, मग ती कितीही खरी वाटली तरी.

मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल, ओटीपी. रात्री साडेआठला पडद्यावर आलं की तुमची नोंदणी संबंधित कार्यालयाच्या मंजुरीसाठी पाठवली आहे.

मंजुरी! खात्याला मंजुरी मिळेपर्यंत फॉर्म भरता येणार नाही, आणि फॉर्म २४ तासांत भरायचा. माझ्यातली कोषागारवाली जागी झाली आणि माझ्यावरच आक्षेप लावू लागली. परवाच्या अभ्यंगस्नानाची तयारी बाजूला राहिली. रात्री मी जावयांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती काढल्या, त्यावर मुंबई विमानतळाचा शिक्का नीट दिसतोय का बघितलं, फोटो मोबाइलमध्ये घेतला, आणि सगळं एका फाइलीत लावलं. वर अनुक्रमणिका. लेक म्हणाली, “आई, तुला हे आवडतंय.” मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला, म्हणजे सरकारी कार्यालय उघडण्याच्या ठोक्याला, मी पोलीस अधीक्षक कार्यालयात हजर. परदेशी नागरिकांचं टेबल विचारत विचारत सापडलं. टेबलावरचे हवालदार पंचेचाळिशीचे असतील. मी फाइल पुढं केली आणि आधीच कबुली दिली, की चोवीस तास आठ वाजून दहा मिनिटांनी संपले, मला एक तास पस्तीस मिनिटं उशीर झालाय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, फाइलीकडं बघितलं, अनुक्रमणिका वाचली.

“मॅडम, तुम्ही कुठल्या खात्यात होता?”

“ट्रेझरी.”

“तरीच,” ते म्हणाले. त्यांनी संगणकावर खातं शोधलं, काल रात्रीची नोंद दिसली, घराचा पत्ता एकदा विचारून मंजूर केलं. उशिराचं काही नाही म्हणाले, तुम्ही रात्रीच खातं काढलंय ते दिसतंय. मग स्वतःहून सांगितलं की घरगुती लोक फार कमी येतात. येतात ते निम्मे घाबरलेले आणि निम्मे भांडायला. कुणाला माहीतच नसतं.

घरी येऊन फॉर्म भरला. तो साधा आहे, पण चौकस आहे. पाहुणा कुठल्या देशातून, कुठल्या शहरातून आला, भारतात कधी उतरला, ‘हॉटेलात’ कधी पोचला, किती वाजता (८.१०, कालनिर्णय साक्षीला), किती दिवस राहणार, भारतात नोकरी करतो का, येण्याचा हेतू काय, इथून पुढं कुठं जाणार. हेतूच्या यादीत दिवाळसण नव्हता. व्हिसा पर्यटनाचा, तेव्हा पर्यटन.

खरी अडचण आली आडनावात. जावयांच्या आडनावात ते डोक्यावर दोन टिंबं असलेलं ‘यू’ हे अक्षर आहे. पासपोर्टवर वर ते तसंच छापलेलं, आणि खाली यंत्रानं वाचायच्या ओळीत त्याच्या जागी ‘यू’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं. व्हिसावर खालच्यासारखं. मी टिंबं सोडून नुसता यू टाकला होता. जावई पहिल्यांदा अस्वस्थ झाले. म्हणाले, “आई, हा मी नाही.” एका अक्षरानं माणूस वेगळा होतो हे मला कुणी सांगायला नको. एका इनिशियलपायी मी पेन्शनची प्रकरणं परत पाठवलेली आहेत. दुरुस्त केलं. साडेअकराला फॉर्म गेला, पोच निघाली. मग मी उटणं भिजवायला घेतलं.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. सरकारला आपल्या हद्दीत कोण कुठं झोपलंय हे कळावंसं वाटणं समजू शकते. मुंबईवरच्या हल्ल्याआधी त्या कटातला हेडली अमेरिकन पासपोर्टवर खुशाल हिंडून ठिकाणं बघून गेला, तो पुण्यातही येऊन गेला होता, आणि फेब्रुवारी २०१०मध्ये कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. माझी नणंद पुण्यात इराणी विद्यार्थ्यांना खोल्या द्यायची, तिला पोलिसांचे फोन यायचे, तिला सगळं पाठ होतं. तिच्या विद्यार्थ्यांना तर दुहेरी काम. त्यांचे व्हिसा १८० दिवसांहून जास्तीचे, म्हणून आल्यापासून १४ दिवसांत त्यांची स्वतःची नोंदणी वेगळी, आणि तिचा सी फॉर्म वेगळा. या दोन गोष्टींत लोक कायम गल्लत करतात. ‘आमच्याकडचा तर महिन्याच्या टुरिस्ट व्हिसावर आहे, त्याला नोंदणी लागत नाही’ असं म्हणतात. त्याला लागत नाही हो. तुम्हाला लागते.

आणि इथंच माझा आक्षेप आहे. जबाबदारी घरमालकाची, आणि या सगळ्या व्यवहारात ज्याला कुणीच काही सांगत नाही तो एकटा घरमालकच. व्हिसा काढताना जावयांनी भारतातला संदर्भ म्हणून माझं नाव, पत्ता, मोबाइल असं सगळं भरून दिलं होतं. म्हणजे सरकारकडं माझा नंबर होता. विजेचं बिल थकलं तर चार मेसेज येतात. ‘तुमच्याकडं पाहुणा येतोय, २४ तासांत कळवा’ असा एक मेसेज येऊ शकला नसता? शेजारच्या भाऊंचं लॉज नसतं तर मी चिरोटे तळत बसले असते आणि कायदा मोडून मोकळी झाले असते.

माझ्या भिशीतल्या तिघींची मुलं अमेरिकेत आहेत, दोघांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्यांना हे सांगितलं तर एक म्हणाली, “अगं, माझाच मुलगा आहे तो, परदेशी कसला?” तिला पासपोर्टचा रंग आठवून द्यावा लागला. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते, असलेल्याला स्वतः जाऊन नोंदणी करावी लागत नाही हे खरं, पण पासपोर्ट परदेशीच, म्हणून हॉटेलवाले त्याचाही फॉर्म भरतात. घरी आल्यावर काय करायचं ते आपल्या जिल्ह्याच्या त्या टेबलावर विचारून घ्या. माझ्या अनुभवानं तिथला माणूस चावत नाही.

भाऊबिजेनंतर दोघं महाबळेश्वरला गेली. लेकीनं फोनवरून खोली ठरवली होती, स्वतःच्या नावानं. काउंटरवर जावयांचा पासपोर्ट पाहिल्यावर मालक म्हणाला, आम्ही फॉरेनर घेत नाही. का? सी फॉर्मची कटकट नको. म्हणजे त्यानं खातंच काढलेलं नव्हतं. फॉर्म भरायला लागतो म्हणून पाहुणाच नको! दिवाळीच्या सुट्टीत दुसरीकडं कुठं जागा मिळेना. लेकीनं वाईला माझ्या मावशीला फोन केला. मावशी बहात्तर वर्षांची, घर घाटाजवळ, खोल्या सहा, राहणारी एकटी. ती आनंदानं ‘या’ म्हणाली. आणि मी मध्ये पडले. कारण वाईचं घर म्हणजे नवं ठिकाण, नवा मालक, नवं खातं, नवी मंजुरी. मावशीकडं ईमेल तर सोडाच, ओटीपी आला तरी ती तो फोन शेजारच्या पोराला दाखवायला जाते.

मावशी चिडली. म्हणाली, “पाहुण्याला दारातून परत पाठवायचं आता तू मला शिकव.” तिच्याकडं जेवण झालं, मेणवलीचा घाट दाखवून झाला, आणि रात्री दोघं मुकाट सातारला परत आली. अकरा वाजून पाच मिनिटं. ह्यांनी कालनिर्णयवर लिहिलं. मावशी अजून मला तो विषय काढून टोचते, आणि मला अजून वाटतं की मी बरोबर होते, आणि तेवढंच हेही वाटतं की ती.

पुढच्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, आम्ही दोघं लाइपझिगला गेलो, चौऱ्याहत्तर दिवस. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी पर्स घेऊन तयार. लेक म्हणाली कुठं? म्हटलं, तुमच्या इथल्या चावडीवर, नोंद करायला. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, हे तिच्याकडून ऐकून होते. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकानं ‘हा माणूस माझ्याकडं राहायला आलाय’ असं लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. मी ते पाठ करायला दोन दिवस घेतले. खोटे पत्ते दाखवणाऱ्यांना आळा घालायला नोव्हेंबर २०१५पासून तो कागद पुन्हा सक्तीचा केला म्हणे.

पण आम्हाला काहीच नको होतं. परदेशात राहणारा माणूस भेटीला आला तर तीन महिन्यांपर्यंत तिथं नोंद लागत नाही. चौऱ्याहत्तर दिवसांत एकाही कार्यालयानं आम्हाला विचारलं नाही की तुम्ही कुणाच्या घरात झोपता. मला सुरुवातीला फार मोकळं वाटलं. ड्रेसडेनला एक रात्र हॉटेलात राहिलो, तिथं मात्र आम्हा दोघांना फॉर्म भरायला दिला आणि जावयांना नाही. जानेवारी २०२५पासून जर्मन नागरिकांचा तो फॉर्म बंद झालाय, परदेशी लोकांचा चालू आहे. मी जावयांकडं बघून म्हटलं, “येण्याचा हेतू, पर्यटन.” ते हसले.

पण मोकळं वाटणं फार टिकलं नाही. एक दिवस लेकीच्या कपाटात आवरताना एक हिरवट कागद सापडला. आमच्या व्हिसासाठी तिनं दिलेलं हमीपत्र. त्यासाठी ती परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेली होती, पगाराच्या स्लिपा दिल्या होत्या, घर किती चौरस मीटरचं ते सांगितलं होतं, २९ युरो फी भरली होती, आणि सही केली होती की आई-वडिलांच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, आणि वेळ आलीच तर परत पाठवण्याचाही खर्च माझा. मला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे तिकडंही घरमालकच बांधलेला होता. फक्त आपल्याकडं पाहुणा आल्यावर विचारतात आणि तिकडं येण्याआधी. आणि लेक आमची जामीनदार होती. कोषागारात मी जामीनदारांच्या सह्या किती तपासल्या असतील. ही बघून मात्र कागद घडी घालून होता तिथं ठेवला.

परत आल्यावर मी या कायद्यांबद्दल जरा वाचत बसले. परदेशी लोकांच्या नोंदणीचा आपला जुना कायदा १९३९चा. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्याबरोबर ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून छावण्यांत ठेवलं. त्यांत मिशनरी होते, व्यापारी होते, आणि हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूही होते. पासपोर्ट जर्मन, एवढंच पाहिलं. नगर, देवळाली, डेहराडून अशा छावण्या. आणि कुटुंबवाल्यांसाठी पुरंदर आणि सातारा. आमचं सातारा. मी इथं जन्मले, इथंच नोकरी केली, आणि हे मला साठी उलटल्यावर कळलं. जावयांना फोनवर सांगितलं, की सातारच्या पोलिसांत नोंद झालेले तुम्ही काही पहिले जर्मन नव्हे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांची टिंबं कुणी लिहिली असतील का?

१ सप्टेंबर २०२५पासून तो १९३९चा कायदा गेला, १९४६चा गेला, आणखी दोन गेले, आणि चारांच्या जागी एक नवा आला. मी तो छापून काढून वाचला, पेन्सिल घेऊन. ज्याच्याकडं परदेशी माणूस राहतो त्यानं कळवायचं, हे त्यातही आहे. नव्या नियमांत फॉर्मचं नाव बदललं, पण आमच्या घरात तो सी फॉर्मच राहणार.

२०२५च्या दिवाळीला दोघं वसुबारसेला आली. मी दारात तबक घेऊन उभी, तुकडा ओवाळून टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं. जावयांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, पाठीवरची पिशवी उतरवली, आणि त्यातून प्लास्टिकची फाइल काढून माझ्यापुढं धरली. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, मुंबईच्या शिक्क्याचा फोटो, पासपोर्ट आकाराचा एक फोटो. वर अनुक्रमणिका, मराठीत, लेकीच्या अक्षरात.

“आधी ओवाळू दे,” मी म्हटलं.

आतून ह्यांचा आवाज आला, “सात पन्नास!”